युरोप, एक्सेल शीट आणि बाबांचं स्टेशन

बॉसने लीव्ह अप्रूव्ह केली तेव्हा मी अक्षरशः खुर्चीत गोल फिरले. आठ वर्किंग डेज! मधले वीकेंड धरून सलग बारा दिवस. आयटीतल्या माणसाला बारा दिवस म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. त्याच संध्याकाळी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये कॅबमध्ये बसल्या बसल्या मी लॅपटॉप उघडला आणि एक नवी एक्सेल शीट सुरू केली. नाव दिलं, ‘युरोप फायनल’. (ती फायनल नव्हती. ‘युरोप फायनल ७’ पर्यंत आम्ही गेलो.)

मी, आई आणि बाबा. तिघंच. आई-बाबांचे पासपोर्ट सहा वर्षांपूर्वी काढलेले, आणि तेव्हापासून कपाटात साड्यांच्या खाली निवांत पडलेले. दरवर्षी काहीतरी निघायचं. आधी दादाचं लग्न, मग लॉकडाऊन, मग बाबांची अँजिओप्लास्टी. त्यानंतर आई एकदा फोनवर सहज म्हणाली, ‘आता जायचं असेल तर लवकर जाऊ बाई, त्यांचे गुडघे आहेत तोवर.’ म्हणून सप्टेंबर २०२५.

पहिल्या शीटमध्ये नऊ शहरं होती. लंडन, पॅरिस, ब्रसेल्स, अॅमस्टरडॅम, झुरिक, मिलान, व्हेनिस, रोम, व्हिएन्ना. हसू नका. तुम्हीही हेच केलं असतं. एवढे पैसे खर्चून जायचं तर सगळंच बघून घेऊ, परत कोण जातंय, हा आपला राष्ट्रीय विचार. ऑफिसात ज्याला-त्याला विचारलं, तर प्रत्येकाने एक शहर वाढवलंच. ‘अगं, प्राग नाही? मग काय उपयोग!’ एकानेही एखादं कमी कर म्हटलं नाही.

लंडन सगळ्यात आधी गेलं. कारण साधं होतं. ब्रिटन शेंगेनमध्ये नाही, म्हणजे दुसरा व्हिसा, दुसरी फी, पुन्हा तीन जणांचे कागद. दोन दिवसांच्या बिग बेनसाठी एवढं करायची माझी तयारी नव्हती. बाकीची शहरं मात्र हट्टाने बसून होती. तेव्हा मी एक हिशेब मांडला, तो तुम्हीही मांडून बघाच. शहर बदलायचं म्हणजे बॅग भरा, चेक-आउट करा, स्टेशन गाठा, प्रवास करा, नवं हॉटेल शोधा, रूम तयार नसेल तर लॉबीत बसा. कितीही फास्ट ट्रेन असली तरी अर्धा दिवस जातोच. आठ शहरं म्हणजे सात बदल, म्हणजे साडेतीन दिवस. बारापैकी साडेतीन दिवस आम्ही ट्रॉली बॅगा ओढणार होतो, आणि त्यातली एक बॅग ओढणारा माणूस अडुसष्ट वर्षांचा.

मग कात्री चालवली. ब्रसेल्स गेलं, अॅमस्टरडॅम गेलं (थोडं रडत). इटली गेली, कारण मिलान, व्हेनिस, रोम एकत्र बघायचं तर तीच एक ट्रिप होते. उरलं पॅरिस, स्वित्झर्लंड आणि व्हिएन्ना. तिकीट काढताना साइटवर ‘राउंड ट्रिप’च्या शेजारी ‘मल्टी-सिटी’ नावाचं एक बटण असतं, ते मी आयुष्यात पहिल्यांदा वापरलं. मुंबईहून पॅरिसला जायचं आणि व्हिएन्नाहून परत यायचं. परतीसाठी पुन्हा पॅरिसला जायची गरजच नाही. आमच्या तारखांना हे तिकीट साध्या रिटर्नपेक्षा किंचितच महाग पडत होतं, आणि एक पूर्ण दिवस वाचत होता.

रेल्वे पासचंही सांगते, कारण प्रत्येक जण विचारतो. युरोपबाहेर राहणाऱ्यांसाठी युरेल पास असतो. पण आमचे लांबचे प्रवास मोजून दोन, आणि फ्रान्सच्या फास्ट गाड्यांना नि रात्रीच्या गाड्यांना पास असला तरी रिझर्व्हेशनचे वेगळे पैसे. आधीच सुटी तिकिटं काढली तर आम्हाला स्वस्त पडत होती. स्वित्झर्लंडमध्ये मात्र चार दिवसांचा स्विस ट्रॅव्हल पास घेतला. ट्रेन, बस, बोट सगळं त्यात.

स्वित्झर्लंडवर घरात छोटंसं युद्ध झालं. आईला युंगफ्राऊला बर्फात जायचं होतं. शाहरुखमुळे, दुसरं काय! तिथलं स्टेशन ३,४५४ मीटरवर आहे. बाबांच्या कार्डिओलॉजिस्टना विचारलं, तर त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे असं बघितलं, की मी प्रश्न पूर्णही केला नाही. मग ल्युसर्नला राहून रिगी करायचं ठरलं. उंची निम्मी, पासात फुकट, आणि १८७१ मध्ये सुरू झालेली ही युरोपातली पहिली दातेरी रुळांची डोंगर रेल्वे. हे वाक्य मी मुद्दाम मोठ्याने वाचलं. बाबांनी पेपरातून मान वर केली.

बाबा रेल्वेत होते, हे सांगायचं राहिलंच. आम्ही कर्जतचे. बाबा लोको पायलट, आणि नोकरीतली शेवटची सतरा वर्षं घाटात, बँकरवर. मुंबई-पुणे प्रवास करणाऱ्यांना कर्जतला गाडी थांबते ती वडापावसाठी, असं वाटतं. खरं म्हणजे ती थांबते मागून इंजिनं लावायला. बोरघाटाचा चढ सदतीसला एक. म्हणजे सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. नुसत्या पुढच्या इंजिनाला तो झेपत नाही, म्हणून मागून बँकर ढकलतात. लोणावळ्याला बँकर सुटतात. गाडी पुण्याला जाते आणि बँकर मागे फिरतो. मी लहान असताना बाबांना विचारलं होतं, ‘तुम्ही कुठे जाता रोज?’ तर म्हणाले, ‘लोकांना वर सोडून येतो.’

असो. तर ‘युरोप फायनल ४’ घेऊन मी एका रविवारी कर्जतला गेले. पॅरिस चार रात्री, ल्युसर्न तीन, एक रात्र झुरिक-व्हिएन्ना ट्रेनमध्ये, व्हिएन्ना तीन. प्रत्येक दिवसाला वेगळा रंग. लूव्र निळ्यात, आयफेल गुलाबीत. आई खूश. बाबांनी चष्मा लावून सगळी शीट वाचली, वरपासून खालपर्यंत, जणू काही ड्युटी रोस्टरच आहे. मग म्हणाले, ‘छान केलंयस.’

‘बाबा, तुम्हाला काही बघायचंय का? ॲड करायचंय काही?’

‘नाही नाही. तुम्ही ठरवाल ते.’

हे ‘तुम्ही ठरवाल ते’ मी आयुष्यभर ऐकत आलेय. हॉटेलात मेन्यू कार्ड पुढे केलं तरी हेच. मी लॅपटॉप बंद करत होते, तेवढ्यात ते खिडकीकडे बघत म्हणाले, ‘व्हिएन्नाहून सेमरिंग लांब असेल ना?’

मी म्हटलं, ‘काय?’

सेमरिंग. मी हे नाव कधीच ऐकलं नव्हतं. एवढे व्हिडिओ बघितले, एवढे लेख वाचले, कोणाच्याच ‘टॉप टेन’मध्ये ते नव्हतं. बाबांना मात्र ते चाळीस वर्षांपासून माहीत होतं. ट्रेनिंगच्या वेळी कोणा इन्स्ट्रक्टरने फळ्यावर घाटाचा नकाशा काढताना सांगितलं होतं, की आपला बोरघाट १८६३ चा, पण त्याच्या नऊ वर्षं आधी ऑस्ट्रियात असाच एक घाट झालाय. १८५४. बांधायला घेतला तेव्हा तो चढ चढेल असं इंजिनच अस्तित्वात नव्हतं! आधी मार्ग, मग इंजिनांची स्पर्धा. बाबा सांगत होते आणि मी गपचूप मोबाइलवर शोधत होते. कार्ल फॉन गेगा नावाचा इंजिनिअर. ४१ किलोमीटर, १४ बोगदे, १६ मोठे पूल. १९९८ पासून युनेस्कोच्या यादीत. आणि आजही त्यावरून गाड्या धावतात. व्हिएन्नाहून सव्वा-दीड तास.

‘बाबा, हे आधी का नाही सांगितलंत?’

‘अगं, त्यात बघण्यासारखं काय आहे? घाटच तर आहे.’

आई आतून ओरडली, ‘त्यांच्या डायरीत चित्र काढलंय त्याचं!’ बाबा एकदम लाजले. मला कसंतरीच झालं. पाच महिने मी रंगीत शीट करत होते आणि त्यातला एकही रंग या माणसाचा नव्हता.

एक दिवस वाढवायचा तर कुठून काढायचा? पॅरिसमधून. गंमत म्हणजे माझा चौथा दिवस मंगळवार होता, त्यात मी लूव्र टाकलं होतं, आणि लूव्र मंगळवारी बंद असतं! हे त्या रात्री शीट पुन्हा तपासताना लक्षात आलं. लूव्र सोमवारी सरकवलं, मंगळवारी पॅरिस सोडायचं ठरवलं. व्हिएन्ना चार रात्री. झालं काम, म्हणून मी झोपले.

रात्री दीड वाजता खाडकन जाग आली. व्हिसा!

शेंगेन व्हिसाचा नियम असा आहे, की जिथे सगळ्यात जास्त दिवस राहणार, त्या देशाकडे अर्ज करायचा. मुक्काम सारखा असेल, तरच जिथे आधी उतरणार तो देश. पॅरिसला चार रात्री होत्या म्हणून मी फ्रान्सची अपॉइंटमेंट घेऊन ठेवली होती. आता व्हिएन्ना चार आणि पॅरिस तीन. एका रात्रीने आमचा देशच बदलला. सोपा उपाय एका मैत्रिणीने सांगितला, ‘कागदावर पॅरिसच दाखव ना, तिथे गेल्यावर कोण बघतंय?’ पण खोटं बुकिंग दाखवायचं आणि काउंटरवर विचारलं, तर बाबा आधी खरं सांगणार. पोटात गोळा येणं म्हणजे काय ते मला त्या आठवड्यात कळलं. ऑस्ट्रियाची तारीख मिळाली ती तीन आठवडे उशिराची. माणशी नव्वद युरो फी, तीस हजार युरोचं कव्हर असलेला ट्रॅव्हल इन्शुरन्स, बाबांचे पेन्शनचे कागद, माझ्या सॅलरी स्लिप, हॉटेलं पुन्हा बुक. (इथे एक टिप: व्हिसा हातात येईपर्यंत कॅन्सल करता येणारीच हॉटेलं घ्या. आणि अर्ज सहा महिने आधीपर्यंत करता येतो. माझ्यासारखं शेवटच्या दोन महिन्यांवर ठेवू नका.) विमानाची तिकिटं मात्र नॉन-रिफंडेबल होती. ती माझी हुशारी. निघायच्या अकरा दिवस आधी पासपोर्ट आले, तेव्हा मी ऑफिसच्या पँट्रीत जाऊन रडले.

पॅकिंगचं महाभारत इथे सांगत नाही. फक्त एवढंच, की युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ न्यायला मनाई आहे, त्यामुळे आईची तुपाची बरणी घरीच राहिली, आणि पुढचे बारा दिवस ती तिच्याविषयी बोलत होती.

पॅरिस पॅरिससारखं होतं. लूव्रमध्ये आई मोनालिसापेक्षा गर्दीवर जास्त बोलली. आग लागून पाच वर्षं बंद असलेलं नोत्र-दाम डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उघडलंय, ते आतून अगदी पांढरंशुभ्र दिसतं, तिथे ती गप्प झाली. ल्युसर्नला रिगीच्या गाडीत बाबा खाली वाकून दातेरी रूळ बघत बसले. ‘माथेरानला दाते नाहीत, नुसती वळणं आहेत,’ एवढंच म्हणाले. झुरिकहून रात्रीच्या गाडीत आईला झोप लागली नाही, बाबा मात्र गाडी हलताच झोपले. त्यांना सवयच.

सेमरिंगसाठी माझ्याकडे अर्थातच प्लॅन होता. स्टेशनापासून पायवाटेने चालत जायचं. पुढे एक जागा आहे, तिथून काल्टे रिने नावाचा दोन मजली दगडी पूल दिसतो. ऑस्ट्रियाच्या जुन्या वीस शिलिंगच्या नोटेवर एका बाजूला गेगा होता आणि दुसऱ्या बाजूला हे दृश्य. मी त्या नोटेचा फोटो मोबाइलमध्ये घेऊन ठेवला होता, की बाबांना तिथे उभं करून तसाच फोटो काढायचा.

पंधरा मिनिटं चाललो असू. चढ होता. बाबा एका झाडाला हात लावून थांबले. काही बोलले नाहीत, पण त्यांचा उजवा गुडघा थरथरत होता.

‘तुम्ही जाऊन या,’ ते म्हणाले. ‘मी बसतो इथे.’

आईने माझ्याकडे बघितलं. आम्ही तिघं परत स्टेशनवर आलो आणि बाकावर बसलो. खरं सांगते, मला राग आला होता. गुडघ्याचा, चढाचा, स्वतःचा. एवढा आटापिटा केला, आणि पूल राहिला तो राहिलाच. बाबा मात्र रुळांकडे बघत होते. पाचेक मिनिटांनी खालून मालगाडी आली. लांबलचक, वळणावर अंग चोरत, हळूहळू. इंजिन गेलं, वाघिणी गेल्या, मी मोजायच्या सोडून दिल्या.

‘मागे बघ,’ बाबा म्हणाले. ‘शेवटी बघ.’

शेवटच्या वाघिणीच्या मागे एक इंजिन होतं. ढकलत वर आलेलं.

बाबा उठून उभे राहिले. आतला ड्रायव्हर तरुण होता, माझ्याच वयाचा असेल. बाबांनी हात वर केला, लोणावळ्याला सुटताना गार्डला करायचे तसा. त्यानेही आतून हात केला. गाडी पुढे बोगद्याकडे गेली.

‘हा आता परत जाणार खाली,’ बाबा म्हणाले आणि बसले.

पुढची गाडी चाळीस मिनिटांनी होती. ती सोडली. त्याच्या पुढचीही सोडली. आईने पर्समधून चिवड्याची पुडी काढली, आणि व्हिएन्नातल्या राजवाड्याच्या दुपारच्या स्लॉटची वेळ निघून गेली, हे मी कोणालाच सांगितलं नाही.