हौद न उपसता

सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या आमच्या घराच्या परसात दगडी हौद आहे. पूर्वी वापरायच्या पाण्याचा होता, आता त्यात कुमुदं आणि गप्पी मासे आहेत. होळीनंतर ऊन तापलं की पाणी हिरवं व्हायला लागतं. हौद उपसून घासून घ्या, असं बाहेरगावचे पाहुणे सांगतात. पण काही दिवसांआड नळ येणाऱ्या सोलापुरात भरला हौद गटारीत सोडायला मन होत नाही. शिवाय नवं पाणी भरलं तरी ऊन तेच, थोड्याच दिवसांत रंगही तोच.

शेजारचे अण्णा म्हणतात, "मोरचूद टाका की, ताई." मोरचुदानं शेवाळ मरतं खरं, पण त्यातलं तांबं माशांनाही बाधतं. मेलेलं शेवाळ कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढतं आणि खाल्लेलं नत्र-स्फुरद परत पाण्यात सोडतं. म्हणजे पुढच्या शेवाळाची सोय झालीच.

मी शेवाळाचं ऊन आणि खाणं तोडते. चैत्रापर्यंत निम्म्याहून जास्त पाणी कुमुदाच्या पानांखाली जायला हवं; पानं कमी पडली तर वर तरंगणारं गोंडाळ सोडते. गप्पी डासांच्या अळ्या खातात, त्यांना वरचं खाणं जवळजवळ बंद. पडलेला पाचोळा रोज जाळीनं काढायचा. लांब तंतूंचं शेवाळ काठीला गुंडाळून ओढते आणि कढीपत्त्याच्या बुडाशी टाकते. त्यानं शोषलेलं नत्र त्याच्यासोबत बाहेर जातं. भिंतींवरचा पातळ हिरवा थर मात्र कुणाला खरवडू देत नाही. तो तेच अन्न खातो, तरंगत्या शेवाळाच्या वाट्याला कमी येतं.

उजनी धरणाचं पाणीही उन्हाळ्यात असंच हिरवं होतं. पुणे, पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून धरणात येतं, हे मला फार लागतं, कारण तेच पाणी आम्ही पितो. शुद्धीकरणात शेवाळ गाळलं जातं, पण विरघळलेलं नायट्रेट वाळूच्या गाळणीत अडकत नाही. ते नळातून माझ्या हौदातही येतं. म्हणून उन्हानं पाणी आटलं की मी नवं थोडं थोडंच भरते, तेही पिंपात एक दिवस उघडं ठेवून, म्हणजे क्लोरीन उडून जातं आणि मासे सुखरूप राहतात. वैशाखात पाण्याला हिरवट झाक राहते, पण तळाच्या फरशीचे सांधे वरून मोजता येतात, आणि मला तेवढं पुरतं.