गांबियाची फिर्याद

ज्या न्यायालयाकडे पोलीस नाहीत, त्याचा उपयोग काय? मोहल्ल्यातल्या गप्पांत हा सवाल मीच करायचो. डिसेंबर २०१९ मध्ये हेगची सुनावणी टीव्हीवर पाहिली. रोहिंग्यांसाठी फिर्यादी कोण, तर आफ्रिकेतला चिमुकला गांबिया! म्यानमारशी त्याची ना सीमा, ना भांडण. १९४८ च्या वंशसंहारविरोधी करारावर दोघांची सही, एवढाच हक्क. आपण तर शेजारच्या घरातल्या मारहाणीची साक्ष द्यायलाही कचरतो. म्यानमारच्या बचावाला खुद्द नोबेलविजेत्या आंग सान स्यू की उभ्या राहिल्या. मन खट्टू झाले. २३ जानेवारी २०२० ला सतराही न्यायाधीशांनी एकमताने रोहिंग्यांच्या संरक्षणाचा अंतरिम आदेश दिला. त्यात म्यानमारने नेमलेला न्यायाधीशही होता! कॉक्स बाजारच्या छावण्यांत मात्र लाखो लोक आजही आहेत.