परिषदेनंतरचा एक दिवस

व्यापारी परिषदेसाठी अहमदाबादला जाताना अनेक जण पत्नीलाही सोबत नेतात. परंतु पती सभागृहात आणि पत्नी हॉटेलच्या खोलीत, असाच तो प्रवास संपतो. परिषदेनंतरचा एक दिवस दोघांसाठी राखून ठेवावा. परतीची गाडी रात्रीची घेतली, तर चौविहारही निवांत होतो.

सकाळी जुन्या शहरातील पोळांमधून पायी फिरावे. २०१७ मध्ये हे शहर जागतिक वारसा ठरले. पुढे दिल्ली दरवाजाबाहेरील हठीसिंग मंदिरात धर्मनाथ भगवंतांचे दर्शन घ्यावे. ५२ देवकुलिकांचे हे संगमरवरी मंदिर शेठ हठीसिंग या व्यापाऱ्याने आरंभिले. त्यांच्या निधनानंतर शेठाणी हरकुंवर यांनी १८४८ मध्ये ते पूर्णत्वास नेले. पतीचा संकल्प जेथे पत्नीने सिद्धीस नेला, ते स्थान एकट्याने पाहण्याचे नव्हे.