हेराल्डचा जीर्णोद्धार

देवळाचा जीर्णोद्धार आणि मोटारीची दुरुस्ती यांत साम्य शोधणे कोणास अतिप्रसंगाचे वाटेल. आम्हांसही गेल्या उन्हाळ्यापर्यंत तसेच वाटले असते. परंतु इंदूरच्या सुदामा नगरात, आमच्या मामीच्या अंगणात, एका जुन्या गाडीचे इंजिन उतरवून त्या जागी नवे बसविण्याचा जो खटाटोप झाला, त्यात आम्हांस आधी वकील म्हणून आणि मग घरचा माणूस म्हणून पडावे लागले. त्या दोन महिन्यांत एकच प्रश्न आमचा पिच्छा पुरवीत राहिला. एखाद्या वस्तूचे काय बदलले असता ती तीच राहते, आणि काय बदलले असता ती दुसरीच होते?

गाडी ‘स्टँडर्ड हेराल्ड’, १९६७ सालची, दोन दारांची. इंग्लंडातील ट्रायम्फ कंपनीच्या हेराल्डची ही भारतीय बहीण १९६१ पासून मद्रासेस तयार होऊ लागली होती. तिचे रूप जिओव्हान्नी मिकेलोत्ती या इटालियन कलावंताने रेखाटलेले. तिचाच सांगाडा आखूड करून ट्रायम्फने १९६२ मध्ये ‘स्पिटफायर’ ही दोघांपुरती स्पोर्ट्स गाडी काढली. आमच्या हेराल्डच्या अंगातले ९४८ घनसेंटिमीटरचे इंजिनही त्या स्पिटफायरच्याच घराण्यातले. ही वंशावळ मामांना तोंडपाठ होती. हेराल्डचे छत नटबोल्टांनी जोडलेले असते, हे ज्या दिवशी त्यांना उमगले त्याच आठवड्यात त्यांनी ते उतरवून माळ्यावर टाकले, आणि तेव्हापासून साऱ्या गल्लीत ती ‘स्पोर्ट्स गाडी’ ठरली. ज्या शहराच्या महाराजांनी, यशवंतराव होळकरांनी, १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या ड्यूसेनबर्गवर लंडनच्या गर्नी नटिंग कारागिरांकडून दोन बैठकांची उघडी काया चढवून घेतली, त्या शहरातील कापडगिरणीच्या एका नोकरदाराने निदान छत तरी उतरवावे, हे त्या मातीला धरूनच झाले म्हणावयाचे.

मामा गेले आणि गाडी थांबली. ताडपत्रीखाली ती इतकी वर्षे उभी राहिली की मागच्या बैठकीवर मांजरांच्या दोन पिढ्या वाढल्या. मामीचे माहेर फोंडा महालातले, मंगेशीच्या पंचक्रोशीतले. माळव्यात आयुष्य गेले तरी रागाचे आणि मायेचे शब्द तिच्या तोंडी कोंकणीतच येतात. एके दिवशी ताडपत्रीकडे पाहत ती आम्हांस म्हणाली, “उबी आशिल्ली गाडी म्हळ्यार गाडी न्हय रे पुता, तें माजरांचें घर.” हे वाक्य तिच्या नातवाने ऐकले आणि तीच परवानगी समजून तो कामास लागला.

नातू अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात. त्याचा निदान असा की जुने इंजिन संपले आहे. नळकांड्या झिजल्या आहेत, दट्ट्यांच्या कड्या तुटल्या आहेत, क्रँकशाफ्ट पूर्वीच दोनदा घासून झाला आहे. तेव्हा त्यावर पैसे घालण्यापेक्षा मारुती जिप्सीचे इंजिन बसवावे. हे इंजिन १२९८ घनसेंटिमीटरचे, अॅल्युमिनियमचे असल्याने वजनाला हलके, इंधन फवाऱ्याने घेणारे आणि ऐंशी अश्वशक्तीचे. जुन्याच्या सुमारे दुप्पट. शिवाय जिप्सीचे इंजिन हेराल्डप्रमाणेच लांबीच्या दिशेने बसते व मागची चाके फिरवू शकते. आजच्या बहुतेक लहान गाड्यांची इंजिने आडवी असतात आणि पुढची चाके ओढतात. ती येथे कामाची नाहीत. एवढा विचार त्याने केला होता, आणि भंगारबाजारातून गिअरबॉक्ससकट ते इंजिन घरी आणल्यावर आम्हांस कळविले होते.

त्यानंतरचे रविवार आम्ही त्या अंगणात काढले. हेराल्डवर काम करणे हा मोठा सुखाचा प्रकार आहे. तिचे बॉनेट मडगार्डांसकट संपूर्ण पुढे कलते आणि माणूस पुढच्या चाकावर बसून निवांतपणे काम करू शकतो. लोखंडी तिकाटण्याला चेनपुली बांधली. जुने इंजिन साखळीला लोंबकळत वर आले, तेव्हा मामी देवघरातून उठून दारात आली आणि ते जमिनीला टेकेपर्यंत काही बोलली नाही.

काढणे सोपे होते. बसविताना एकेक गोष्ट आडवी येऊ लागली. नव्या इंजिनाचे तेलाचे भांडे सांगाड्याच्या आडव्या पट्टीस अडले. गिअरबॉक्सची लांबी निराळी, म्हणून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा कापून, पुन्हा जोडून, लेथवाल्याकडून तोल साधून आणावा लागला. पेट्रोलला आता जोराच्या दाबाचा विजेचा पंप हवा, उरलेले पेट्रोल टाकीत परत नेणारी दुसरी नळी हवी, आणि केव्हा किती थेंब सोडावयाचे ते ठरविणारा संगणकाचा डबा हवा. त्या डब्याला वायरींचे असे जटाजूट होते की ते उलगडण्यातच आठवडा गेला. एवढे होऊनही त्या पोराने एक पथ्य पाळले. मूळ सांगाड्याला त्याने ना करवत लावली, ना वेल्डिंगची ठिणगी. इंजिनाचे नवे पाय त्याने जुन्याच भोकांत नटबोल्टांनी बसविले. आजोबांची हौस नटबोल्टांची होती, तीच त्याच्याही हाती उतरली असावी.

मदतीस येणारे मिस्त्री वयस्क व मितभाषी. नातू अश्वशक्तीचे गणित सांगू लागला की ते हसत. एकदा पान्यावरचे ग्रीस पुसत ते म्हणाले, “भैया, भगानेवाला तो मिल गया, रोकनेवाला कहाँ है?” त्यांचे म्हणणे खरे होते. ब्रेक जुन्याच शक्तीच्या मापाचे. आणि हेराल्डच्या मागच्या अॅक्सलची घडण अशी की वेगात वळताना एकदम पाय उचलला तर मागची चाके आत वळून गाडी घसरते. एक भाग सुधारला की त्याच्या शेजारचा भाग आपले वय सांगू लागतो, हा धडा आम्हांस त्या अंगणात मिळाला.

आता आमचा भाग. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याचे कलम ५२ असे सांगते की उत्पादकाने मुळात नमूद केलेल्या आणि नोंदणीपत्रात असलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा फेरफार मालकाने करू नये. मान्य संच लावून इंधनाचा प्रकार बदलण्यास मुभा आहे, पण भलत्याच कंपनीचे इंजिन हा वेगळा प्रश्न. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडकच लावला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे बेकायदा फेरफारास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर फेरफारामागे पाच हजार रुपये दंड सांगितला आहे. आम्ही हे वाचून दाखविले. नातू म्हणाला, “काका, पण बघतंय कोण?”

वाचकहो, हे वाक्य आम्ही पक्षकारांच्या तोंडून शेकडो वेळा ऐकले आहे, आणि दर वेळी आम्हांस एकच खटला आठवतो. एका गृहस्थाने जुन्या जीपमध्ये दुसरे डिझेल इंजिन बसवून घेतले, कागदावर मात्र पहिलेच राहिले. वर्षानुवर्षे कोणी पाहिले नाही. मग अपघात झाला, एक माणूस कायमचा अपंग झाला, आणि विमा कंपनीने आक्षेप घेतला की आम्ही जिचा विमा उतरविला ती ही गाडी नव्हेच. आम्ही त्या गृहस्थाचे वकील होतो. वाद कित्येक वर्षे चालला. त्या काळात आमचा पक्षकार कर्जात बुडाला आणि तो अपंग माणूस भरपाईची वाट पाहत राहिला. अपघात त्या इंजिनामुळे झाला नव्हता. फक्त कागदावर एक गाडी होती आणि रस्त्यावर दुसरी, आणि त्या दोहोंमधल्या फटीत दोन कुटुंबे पडली.

नातवाकडेही युक्तिवाद होते, आणि ते पोरकट नव्हते. तो म्हणाला, कारखानदार हेच करतात. १९८५ साली आलेल्या प्रीमियर ११८ एनईमध्ये फियाट १२४ ची काया आणि निस्सानचे इंजिन होते. लोकांनी ती कौतुकाने घेतली. आम्ही म्हणालो, त्याच सुमारास हेराल्डच्याच मद्रासवाल्या कंपनीने ‘स्टँडर्ड २०००’ काढली, तीत रोव्हरची नवीकोरी काया आणि जुन्या व्हॅनगार्डच्या वंशातले इंजिन होते, आणि ती थोड्याच वर्षांत बंद पडली. “म्हणजे काका, नव्या अंगात जुना जीव घालू नये, एवढंच सिद्ध झालं. मी तर उलट करतोय!” आमच्या व्यवसायात इतके चोख उत्तर क्वचितच मिळते.

मग आम्ही देवळांकडे वळलो. सांगितले की १५६० च्या सुमारास मंगेश कुठ्ठाळीहून झुआरी ओलांडून प्रियोळास आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्यास आली. भिंती गेल्या, शिखरे गेली, गावही सुटले, पण देव तोच राहिला. अहिल्याबाईंनी १७८० मध्ये काशी विश्वनाथाचे मंदिर पुन्हा उभे केले, तेही असेच. आपल्या लोकांनी नेहमी काया बदलली आणि गाभा राखला. तू काया राखून गाभा बदलतो आहेस. नातू क्षणभर गप्प राहिला, आणि म्हणाला, “काका, देवळांना कलम ५२ नव्हतं म्हणून बरं. असतं तर देव अजून कुठ्ठाळीलाच असते. आणि आजोबांनी छत काढलं, तो फेरफार नव्हता?”

त्या रात्री आम्हांस नीट झोप लागली नाही. छताची गोष्ट आमच्या ध्यानीच आली नव्हती. मामांच्या मांडीवर बसून ज्या गाडीतून आम्ही राजवाड्यापर्यंत वारा खात गेलो, तीही कागदाबाहेरचीच होती. आणि आम्ही तिला वारसा म्हणत होतो. आपल्या वडिलांनी केलेला बदल परंपरा होतो आणि मुलांनी केलेला बदल भ्रष्टाचार, हा न्याय आम्ही कोणत्याही न्यायाधीशाकडून निमूटपणे ऐकून घेतला नसता.

अखेर निकाल मामीनेच दिला. आधी तिने नवे इंजिन सुरू करावयास सांगितले. फाटक लावून घेतले, नातवाने किल्ली फिरविली, आणि ते पहिल्याच झटक्यात सुरू झाले. इतके शांत की गल्लीतल्या कोणी खिडकीही उघडली नाही. मामी दहा मिनिटे बाजूच्या बैठकीवर बसली. मग आम्हांस तिने विचारले, “हांगा बसून हांव अन्नपूर्णेगेर वचूंक शकतां?” अन्नपूर्णेचे मंदिर तिच्या घरापासून फार दूर नाही, पण गुडघ्यांनी ते दूर केले आहे. आम्ही म्हणालो, कायद्याने नाही. जुने इंजिन पुन्हा चालते झाले तर जाता येईल. “मागीर जुनेंच घाल,” एवढे बोलून ती खाली उतरली. तिला ना अश्वशक्ती हवी होती ना वारसा. तिला देवळास जावयाचे होते.

ट्रायम्फच्या लहान इंजिनांचे सुटे भाग इंग्लंडात आजही विकत मिळतात. जकातीसह ते महाग पडले, त्यांतला अर्धा खर्च आम्ही आमच्या हट्टाचा दंड म्हणून सोसला. नळकांड्या बोअर करून आणल्या, मापाच्या बेअरिंगा आल्या, आणि ज्या हातांनी नवे इंजिन बसविले त्याच हातांनी नातवाने जुने परत बसविले. सांगाडा कापला नव्हता, म्हणूनच हे शक्य झाले. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरील मूळ स्वरूपातील गाडीस ‘व्हीए’ अक्षरांचा मानाचा क्रमांक मिळू शकतो. पण तशी गाडी नित्याच्या वापरास चालत नाही, म्हणून आम्ही तो मान सोडून साधे पाच वर्षांचे नूतनीकरण घेतले. आणि तपासणीस नेण्यापूर्वी माळ्यावरचे छत उतरवून पुन्हा जागेवर चढविले. ते काम मात्र आम्ही स्वतः केले. शेवटचा बोल्ट आवळला, आणि मामांची स्पोर्ट्स गाडी चारचौघींसारखी झाली.

आता शुक्रवारी सकाळी हेराल्ड अन्नपूर्णा रस्त्याने धापा टाकीत जाते. मागून येणारे हॉर्न वाजवितात. जिप्सीचे इंजिन ताडपत्रीखाली पुसून ठेवलेले आहे. नातू त्याच्याकडे पाहत नाही, आणि आम्ही त्याच्याकडे पाहण्याचे टाळतो. मामी देवळातून आली की प्रसाद आधी त्याच्या हातावर ठेवते, मग आमच्या.