वाट येलदरीची, कुरकुर गाडीची

मैत्रिणींनो, परभणी जिल्ह्यात बघण्यासारखं काय आहे, असं पुण्या-मुंबईचे पाहुणे नेहमी विचारतात. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं म्हणून आम्ही हसण्यावारी नेतो. पण खरं सांगू? गोदाकाठी गंगाखेड आहे, संत जनाबाईंचं गाव. चारठाण्याला जुनी देवळं आहेत. आणि एका रविवारात मुलाबाळांसह सहज होईल अशी सहल हवी असेल, तर जिंतूरजवळची नेमगिरी आणि पुढे येलदरीचं धरण. आज तुम्हाला तिकडेच नेणार आहे. मात्र वाटेत बाहेर बघता बघता गाडीकडेही कान ठेवायचा आहे, बरं का!

त्याचं असं झालं, आमच्या ह्यांनी सुटीत मोबाइलवर बघून अंगणातच गाडीच्या पुढच्या चाकांचं काम काढलं. लोअर आर्मचे बुश बदलले, लिंक रॉड नवे घातले. बुश म्हणजे लोखंडाला लोखंड लागू नये म्हणून बसवलेला रबराचा तुकडा. लिंक रॉड ही वळणावर गाडी एका अंगाला फार कलू नये म्हणून असलेल्या जोडणीतली छोटी दांडी. मजुरी वाचली, हे खूश. दुसऱ्याच रविवारी सासूबाई, दोन्ही मुलं आणि दशम्यांचा डबा घेऊन आम्ही निघालो.

परभणीहून जिंतूर चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. वाटेत झरी लागते, मग बोरी. दोन्ही बाजूंना काळं रान, कापूस, तूर, हरभरा. ही काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. तिच्यावरचा रस्ताही मग कुठे खचतो, कुठे लाटेसारखा होतो. म्हणून शहरात गप्प असलेली गाडी इथे बोलायला लागते.

झरीच्या अलीकडेच डावीकडून ‘टक’ असा आवाज आला. थोड्या वेळाने पुन्हा. हे म्हणाले, “नवीन पार्ट आहे, बसेल हळूहळू.” पण तुम्हीच सांगा, कुकरची शिट्टी नेहमीसारखी आहे की नाही, मिक्सरचं भांडं नीट बसलं आहे की नाही, हे आपल्याला दुसऱ्या खोलीतून कळतं. वर्गात फळ्याकडे तोंड करून लिहिताना मागे कोण कुजबुजलं, तेही कळतं. चालवणाऱ्याचं लक्ष रस्त्यावर असतं, शेजारी बसणारीचे कान मोकळे असतात.

आवाज कसा आहे यापेक्षा तो कधी येतो, हे आधी पाहावं. गतिरोधकावर दोन्ही चाकं एकदम चढली, तेव्हा गाडी गप्प होती. डावं चाक एकटं खड्ड्यात गेलं की मात्र ‘टक’. ब्रेक दाबल्यावर काही नाही, उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवल्यावर काही नाही. मी हे सगळं ह्यांना सांगितलं, तेव्हा ह्यांचाच चेहरा बदलला. लिंक रॉडची जोडणी ताणली जाते ती दोन चाकं वेगवेगळी वरखाली झाली की. शॉकअपचा वरचा नट सैल असता, तर गतिरोधकावरही ठोका ऐकू आला असता.

तरी हे म्हणत होते, जिंतूरला गेल्यावर बघू. मी मात्र बोरीतच थांबायला लावलं. पुढे नेमगिरीच्या टेकड्या, आणि मागच्या सीटवर आपली माणसं. गाडी सपाटीवर उभी केली, इंजिन बंद केलं, स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवलं. चाकाच्या मागे हात घालून हलवल्याबरोबर दांडी खुळखुळली. हा नट आवळताना कधीकधी आतला खिळाही सोबत फिरतो, त्यामुळे आवळल्यासारखं वाटतं पण पकड बसत नाही. खिळा एका चावीने धरून दुसऱ्या पान्याने नट फिरवला, आणि काम पाच मिनिटांत झालं. सोबत चारही चाकांचे नटही तपासून घेतले. चाकं काढून बसवली, की पन्नास-शंभर किलोमीटरनंतर ते पुन्हा तपासायचेच असतात.

नेमगिरीच्या जैन लेण्यांत पार्श्वनाथांची भव्य मूर्ती लहानशा दगडाच्या आधारावर पेललेली आहे. सासूबाई बराच वेळ हात जोडून उभ्या होत्या. तिथून येलदरीला गेलो. पूर्णा नदीवरचं हे धरण १९६८ साली पुरं झालं, इथे पाण्यावर वीजही तयार होते. पाण्याकडे बघत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. असा निवांतपणा आमच्या कोरड्या मुलखात फार मोलाचा वाटतो!

परतताना खोलगट जागी हळूच ‘कुर्र’ असा दुसरा आवाज आला. त्यासाठी मात्र मी थांबवलं नाही. चाकं अधांतरी लटकत असताना बुशाचे बोल्ट आवळले, की गाडी खाली टेकल्यावर रबर पिळलेलं राहतं आणि कुरकुरतं. घरी आल्यावर बोल्ट सैल करून, गाडीचा भार चाकांवर असताना पुन्हा आवळले. पिळलेलं रबर लवकर फाटतं, म्हणून हेही फार दिवस टाळू नये.

घरच्या कामानंतर आणखी काय ऐकाल? पत्रा घासल्यासारखं ‘खर्र’ वाजलं, तर ब्रेकमागचा पत्रा वाकून डिस्कला लागत असेल. वेगासोबत वाढणारा ‘घूं’ बेअरिंगचा किंवा टायरचा असू शकतो. स्टिअरिंग वळवताना ‘टंग’ झालं, तर स्प्रिंग जागेवर बसली नसेल. आणि ठोक्यासोबत स्टिअरिंग थरथरलं, किंवा गाडी अचानक एका बाजूला ओढू लागली, तर पुढे जाऊच नका. कडेला घ्या, मेकॅनिकला बोलवा.

दोन गोष्टी घरच्या कारागिराला बजावून ठेवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नाही, खाली भक्कम स्टँड हवेतच. आणि स्प्रिंग दाबून काढायचं काम घरी करायचं नाही, ती सुटली तर जिवावर बेतते. काम झाल्यावर अलाइनमेंट करून घ्यायची, आणि पहिली फेरी गावातच, रिकाम्या गाडीने मारायची.

मग कधी येताय आमच्या येलदरीला? पावसाळा संपता संपता या, धरण भरलेलं असेल. आणि वाटेत गाडी काही बोललीच, तर “बसेल हळूहळू” यावर विश्वास ठेवू नका. ती कधी बोलली, ते तेवढं नीट लक्षात ठेवा.