एका घरातील दोन मते

मतदान गुप्त असावे, असा लोकशाहीचा दंडक आहे. परंतु घरातल्या घरात ते कधी गुप्त राहिल्याचे आम्हांस स्मरत नाही. सरकारी शाळेतील नोकरीमुळे निवडणुकीच्या कामावर जाण्याचा योग आम्हांस अनेकदा आला. केंद्रावर पुरुषांची रांग वेगळी, बायकांची वेगळी. रांगा दोन असल्या तरी मत आदल्या रात्री घरी बसून एकच ठरलेले, असे लोक स्वतःच मोकळेपणाने सांगत. आमच्या बेळगाव भागात तर भाषेच्या प्रश्नाने आजोबा, सासू, सून आणि नातू यांना वर्षानुवर्षे एकाच चिन्हापाशी आणून उभे केले. मत माणसाचे नव्हे, घराचे, असा तो रिवाज.

या रिवाजात वाढलेल्या आम्हांस दक्षिण कोरियाच्या निवडणुकांनी विचारात पाडले. शाळेतील मुलींच्या तोंडी हल्ली कोरियन गायकांची नावे असतात. त्यांच्या देशात चालले आहे तरी काय, हे पाहावे म्हणून आम्ही वाचू लागलो. गाणी बाजूलाच राहिली आणि मन मतपेट्यांत गुंतले.

तेथेही एके काळी मत घराचे, किंबहुना प्रांताचे असे. १९८७ साली मोठ्या जनआंदोलनानंतर राष्ट्राध्यक्षाची थेट निवडणूक पुन्हा सुरू झाली. पुढील अनेक निवडणुकांत आग्नेयेचा ग्योंगसांग प्रदेश परंपरावादी पक्षाच्या बाजूस आणि नैर्ऋत्येचा जोल्ला प्रदेश त्यांच्या विरोधकांच्या बाजूस उभा राहिला. माणसाचे मूळ गाव कळले की त्याचे मत विचारावे लागत नसे. ती रेघ अजून पुसलेली नाही. पण तिच्यावर दुसरी रेघ उमटली, ती वयाची.

वय वाढले की माणूस जुन्याला धरून बसतो, असे आपण सहज म्हणतो. कोरियाचे आकडे एवढे सरळ नाहीत. जून २०२५ च्या राष्ट्राध्यक्षीय निवडणुकीत तेथील तीन दूरचित्रवाणी संस्थांनी मतदारांना विचारून संयुक्त अंदाज काढला. त्यानुसार सत्तरी ओलांडलेल्यांपैकी ६४ टक्के परंपरावादी उमेदवार किम मून-सू यांच्याकडे गेले, तर पन्नाशीतल्यांपैकी सुमारे ७० टक्के डेमोक्रॅटिक पक्षाचे ली जे-म्युंग यांच्याकडे. पन्नाशीतली ही मंडळी १९८७ साली शाळा-महाविद्यालयांत होती. १९८० साली ग्वांगजू शहरात लष्कराने नागरिकांवर चालविलेल्या गोळ्यांची आठवण घेऊन ती मोठी झाली. त्यांच्या वडीलधाऱ्यांनी मात्र १९५० ते ५३ चे युद्ध, उत्तरेचे भय आणि भूक अनुभवली होती, आणि त्या भुकेतून देश वर येतानाही पाहिला होता. केस दोघांचेही पिकले. पण तारुण्यात जे पाहिले तेच प्रत्येकाच्या मतात उतरले.

इथवर आम्हांस नवल वाटले नाही. बाप-लेकांचे मतभेद आपल्याही घरांत असतात. नवल पुढेच आहे. मार्च २०२२ मध्ये युन सुक-योल हे ली जे-म्युंग यांच्यावर अवघ्या ०.७३ टक्क्याने, अडीच लाखांहूनही कमी मतांनी, विजयी झाले. त्या वेळच्या अंदाजात साठीपुढील स्त्री-पुरुषांच्या कलात जवळजवळ फरक नव्हता. तिशीच्या आतील मतदारांत मात्र ५८.७ टक्के मुलगे युन यांच्याकडे, तर ५८ टक्के मुली ली यांच्याकडे! आजी-आजोबा एका बाजूस आणि सख्खी भावंडे समोरासमोर. दोघांची शाळा एक, ताट एक, आईबापही तेच. मग ही फाटाफूट कशाची?

भावाचे म्हणणे ऐकावे तर तेही खोटे नाही. ऐन विशीत त्याला सक्तीने लष्करात जावे लागते. पायदळात सुमारे दीड वर्ष मोडते. पूर्वी सरकारी नोकरीच्या परीक्षेत या सेवेबद्दल वाढीव गुण मिळत. १९९९ साली तेथील संविधान न्यायालयाने ते रद्द केले. परीक्षेतल्या दोन-चार गुणांनी आयुष्य कसे वळते, हे शिक्षकाला कोणी सांगावयास नको. मात्र तो दावा लावणाऱ्या तरुणींबरोबर एक अपंग पुरुषही होता, ही गोष्ट चर्चेत सहसा येत नाही. नोकऱ्या थोड्या, घरे महाग. आपण वडिलांसारखे सुख तर भोगले नाही, मग त्यांच्या काळचे माप आपल्या पदरात का, असे त्याला वाटते.

बहिणीचे म्हणणेही तितकेच खरे. तेथील कायद्यात कुटुंबप्रमुखपद मुळात पुरुषाकडे असे. बाप वारल्यावर आईला डावलून ते लहानग्या मुलाकडे जाई. २००५ साली न्यायालयाने ही पद्धत संविधानाशी विसंगत ठरविली आणि २००८ पासून ती संपली. पण स्त्री-पुरुषांच्या मिळकतीतील तफावत अद्याप सुमारे ३० टक्के आहे. प्रगत देशांत ती सर्वांत मोठी. अत्याचाराविरुद्ध २०१८ साली स्त्रिया बोलू लागल्या, तेव्हा या मुली शिकत होत्या.

दोन गाऱ्हाणी, दोन्ही खरी. शहाण्या राज्यकर्त्याने दोन्ही ऐकली असती. २०२२ च्या प्रचारात युन यांनी स्त्री-पुरुष समानतेचे मंत्रालयच बंद करण्याचे वचन दिले आणि मुलग्यांचा रोष मतांत वळविला. जणू बहिणीचे काढून घेतले की भावाचे भरून निघते! पुढे ३ डिसेंबर २०२४ रोजी याच युन यांनी देशात लष्करी कायदा पुकारला. संसदेने काही तासांतच तो उठविण्यास भाग पाडले, आणि एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने त्यांना पदच्युत केले. त्या थंडीत संसदेसमोर जमलेल्या गर्दीत गाण्यांच्या कार्यक्रमातले रंगीत दिवे हाती घेतलेल्या तरुणी मोठ्या संख्येने होत्या. तरीही जूनमध्ये विशीतल्या मुलग्यांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश दोन परंपरावादी उमेदवारांकडे गेले. मुलींपैकी ५८ टक्के पुन्हा ली यांच्याकडे. ली निवडून आले. भावंडांमधील अंतर जिथल्या तिथे राहिले.

या देशात २०२३ साली एका स्त्रीमागे सरासरी ०.७२ अपत्य, असा नीचांक नोंदला गेला. त्याचा दोष मतभेदांवर ढकलणे घाईचे होईल; महाग घरे, शिक्षणाचा खर्च, अशी कारणे पुष्कळ आहेत. पण ज्या दोघांनी संसार मांडायचा, तेच एकमेकांस प्रतिपक्ष समजू लागले, तर ती चिंता निवडणुकीपुरती राहत नाही.

वाचकांनी यावरून जुना रिवाजच बरा, असे मात्र म्हणू नये. आपल्या घरांतले ते एकमत पुष्कळदा यामुळे एक होते, की सुनेला कोणी विचारलेच नव्हते. मुलीने आपले मत स्वतः ठरविणे ही मिळकत आहे, हानी नव्हे. हानी होते ती एकाचे दुःख दुसऱ्याची चोरी म्हणून दाखविले जाते तेव्हा, आणि घरात कोणी त्याची शहानिशा करीत नाही तेव्हा. आमच्या शाळेतून बाहेर पडणारी मुले-मुली दोन-तीन वर्षांत मतदार होतात. वाचकांच्या घरीही अशी भावंडे असतील. मत कोणाला दिले हे त्यांना विचारू नये. कोणत्या गोष्टीचा त्रास होतो, हे मात्र दोघांना समोरासमोर बसवून विचारावे, आणि एकाचे सांगून होईपर्यंत दुसऱ्याला ऐकावयास लावावे.