पाहुण्यांच्या डोंगरावर सडा

‘हक्का’ हा शब्द मी आजवर फक्त नूडल्सच्या आधी वाचला होता. आणि आता? आता तो शब्द कानावर पडला की डोळ्यांसमोर पांढराशुभ्र डोंगर उभा राहतो!

तैवानमधल्या म्याओली भागातलं शेंगशिंग हे जुनं रेल्वे स्टेशन. 1998 मध्ये नेहमीच्या गाड्या थांबल्या, पण लाकडी इमारत आणि रूळ आहेत तसेच आहेत. मी गेले ते टुंगच्या झाडांचा बहर बघायला. आणि अहो, काय सडा! पारिजातकाचाच म्हणा, फक्त फूल चांगलं मोठं, पाकळ्या पांढऱ्या आणि मधोमध लालसर ठिपका. नर फुलं पाकळी पाकळी झडत नाहीत, अख्खी गळतात, गरगर फिरत खाली येतात. तिथे याला ‘मे महिन्यातला बर्फ’ म्हणतात. पाय कुठे ठेवावा तेच कळेना.

हक्का म्हणजे ‘पाहुणी कुटुंबं’. चीनमध्ये पिढ्यान् पिढ्या स्थलांतर करत राहिलेले, मग समुद्र ओलांडून तैवानच्या डोंगरउतारांवर वसलेले हे लोक. टुंगची झाडंही तिथे मुद्दाम लावलेली, जपानी अमदानीत, बियांच्या तेलासाठी. या तेलाचा हात दिला की लाकडात, कागदात पाणी शिरत नाही. मेइनोंग या हक्का गावातल्या कागदी छत्र्या त्यावरच पाऊस झेलतात. पुढे तेलाला भाव राहिला नाही, झाडं मात्र राहिली. 2002 पासून त्यांच्याच बहराचा हा उत्सव भरतो. ज्या झाडानं पोट भरलं त्याचा उत्सव करणारी माणसं मला फार आवडली!

आणि लेइ-चा! स्टेशनलगतच्या चहाघरात एका आजींनी आतून खाचा असलेलं मातीचं भांडं माझ्यासमोर ठेवलं, हातात पेरूच्या लाकडाचा दांडा दिला. चहाची पानं, शेंगदाणे, तीळ. वाटा म्हणाल्या खुणेनं. वाटलं. अजून, अजून, पार तेल सुटेपर्यंत! माझा हात आपोआप पाट्यावरच्या लयीत फिरू लागला, तशा आजी खुदकन हसल्या. मग वर गरम पाणी, भाताच्या लाह्या. पहिला घोट घेतला आणि मी गप्पच झाले. दाट, खमंग, किंचित कडसर.

बाहेर मोठमोठ्या फुलांचं लालभडक हक्का कापड वाऱ्यावर हलत होतं, कुणी डोंगरगाणी म्हणत होतं. याच लोकांना आपली भाषा परत मिळावी म्हणून 1988 मध्ये ताइपेच्या रस्त्यावर उतरावं लागलं होतं. आज ती तिथल्या राष्ट्रीय भाषांपैकी एक आहे.

बहर एप्रिलमध्ये सुरू होतो, मे महिन्यात ओसरतो. म्हणजे ऐन आपल्या उन्हाळी सुट्टीत. जमवाच! आणि लेइ-चा आयता मागवू नका, स्वतः वाटून प्या.